म्हातारपण मिळालेली जनावरं

म्हातारं डुक्कर मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा बैल पाहिला होता. म्हातारी म्हैस पाहिली होती. आमच्या फलटण तालुक्यातल्या वस्तीवर दात झिजलेली, कोवळा पाला तेवढा चघळणारी शेळीसुद्धा होती. पण डुकराला म्हातारपण येऊ शकतं, हे कधी मनातच आलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यात, वॉटकिन्स ग्लेन गावाच्या वरच्या टेकडीवर, फार्म सँक्चुअरी नावाच्या आश्रयस्थानात ती डुकरीण पेंढ्यात कुशीवर पडली होती. पापण्यांचे केस पांढरेफट्ट, कानांच्या कडा फाटलेल्या, पोटाची कातडी सैल पडून सुरकुतलेली. आम्ही आत गेलो तेव्हा तिनं एक डोळा उघडला, हुंकार दिला आणि उठायला लागली. आधी पुढचे पाय मुडपून त्यांच्यावर आली, तिथं थांबून दम घेतला, मग मागचा भाग हळूहळू वर ओढला. माझी आई शेवटच्या वर्षांत जोत्यावरून उठायची, तशी.

तिला सांभाळणारी मुलगी म्हणाली, की सांध्यांच्या दुखण्याचं औषध तिला रोज खाण्यातून द्यावं लागतं. वजन तीनशे किलोच्या घरात. मांसासाठी वाढवलेलं डुक्कर साधारण सहा महिन्यांत सव्वाशे-एकशेतीस किलोंचं होतं आणि तिथंच त्याचं आयुष्य संपवलं जातं. त्यापुढं त्या हाडांनी किती वजन पेलायचं, याचा विचार तो वाण तयार करणाऱ्यांनी केलेला नसतो. त्यांना गरजच नसते. या टेकडीवरची डुकरं त्या सहा महिन्यांच्या पलीकडं जगली, म्हणून तर गुडघे दुखण्याइतकी वयस्क झाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. केस राठ, खराट्यासारखे टोचणारे. कानामागं खाजवलं तशी ती पुन्हा आडवी झाली आणि पोट पुढं केलं.

माझी भाची इथॅकाला कॉर्नेल विद्यापीठात शिकते. तिच्याकडं राहायला गेले होते. सप्टेंबर संपत आला होता आणि मॅपलची पानं शेंड्याकडून तांबडी व्हायला लागली होती. इथॅकाहून पश्चिमेला जाणारा रस्ता शेतांमधून जातो. दोन्ही बाजूंना मका, मधूनच सोयाबीन, आणि दर थोड्या अंतरावर मुरघासाचे उंच गोल मनोरे. हा भाग दुधाचा. मग रस्ता एकदम खाली उतरतो आणि समोर सेनेका सरोवर उघडतं. हिमनद्यांनी कोरून काढलेली ही लांबट सरोवरं नकाशावर हाताच्या बोटांसारखी दिसतात, म्हणून या सगळ्या प्रदेशाला फिंगर लेक्स म्हणतात. सेनेका त्यातलं सर्वांत खोल, एकशेऐंशी मीटरहून जास्त. लांबी साठ किलोमीटर. उतारांवर द्राक्षांचे मळे. दक्षिण टोकाला वॉटकिन्स ग्लेन. तिथली एकोणीस धबधब्यांची अरुंद दगडी घळ पाहायला लोक लांबून येतात, आणि गावावर मोटारींच्या शर्यतींचा प्रसिद्ध मार्ग आहे. घळ आम्हीही पाहिली. सुंदर आहे. पण मला लिहायचंय ते टेकडीवरच्या लाल गोठ्यांबद्दल.

या संस्थेची सुरुवात एका मेंढीपासून झाली. १९८६ साल. जीन बाऊर आणि लॉरी ह्यूस्टन हे तरुण जोडपं पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या जनावरांच्या बाजारात गेलं होतं. बाजारामागं मेलेली जनावरं टाकायचा ढीग होता. त्या ढिगात त्यांना एक मेंढी दिसली आणि तिनं मान उचलली. कोंबून भरलेल्या ट्रकमधून, उन्हाळ्यात, ती तिथवर आली होती. उभी राहू शकली नाही म्हणून मेलेल्यांत टाकली गेली. दोघांनी तिला उचलून डॉक्टरकडं नेलं. तिला शांतपणे मरण द्यावं लागेल अशीच सगळ्यांची समजूत होती. डॉक्टर तपासत असताना ती उठून उभी राहिली. तिला कसलाही रोग नव्हता. उष्मा आणि चेंगराचेंगर, एवढंच. तिचं नाव त्यांनी हिल्डा ठेवलं. ती पुढं दहा वर्षांहून जास्त जगली आणि याच टेकडीवर तिला पुरलं.

त्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांच्याकडं पैसा नव्हता. ग्रेटफुल डेड नावाच्या रॉक बँडच्या मैफिली जिथं भरत, तिथं एका व्हॅनमधून शाकाहारी हॉटडॉग विकून त्यांनी रक्कम उभी केली. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण अशा कामांच्या मागं एखादा शेठ किंवा सरकारी योजना असणार असं आपण गृहीत धरतो. आपल्याकडचा जुना दाखला तसाच आहे. मुंबईत भुलेश्वरला १८३४ साली पांजरपोळ उभा राहिला तो जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या धनिक व्यापाऱ्यांच्या देणगीतून. त्याच्या दोन वर्षं आधी, १८३२ साली, रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत दंगल झाली होती आणि त्यात पारशी पुढं होते. म्हाताऱ्या, जखमी, टाकून दिलेल्या जनावरांना दावणीला जागा द्यायची, ही कल्पना आपल्या मातीत अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून आहे. टेकडीवरच्या त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती हातातला घमेल्यासारखा डबा खाली ठेवून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, ‘तिथं कोंबड्या असतात का?’

मी गप्प राहिले. पांजरपोळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं गायीच येतात.

कोंबड्यांच्या खुराड्यात जाण्याआधी भाची म्हणाली, ‘आत्या, बूट नीट पुसून घे.’ दारात जंतुनाशकात भिजवलेलं पायपुसणं होतं. पक्ष्यांचे रोग बुटांच्या तळव्यांवरून फिरतात, त्यामुळं या बाबतीत इथले लोक कडक असतात आणि ते योग्यच आहे. आत लाकडाचा भुसा पसरलेला, खिडकीतून ऊन आलेलं, आणि त्या उन्हात पांढऱ्या, जाड, रुंद छातीच्या कोंबड्या बसलेल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. आमच्या तालुक्याच्या गावाला बसस्टँडमागं जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकींवर रेललेल्या असतात त्याच या.

ओळख नुसती दिसण्यापुरती नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १९१६ साली कॉब नावाच्या कुटुंबानं कोंबड्यांचा धंदा सुरू केला. त्यातून पुढं लवकर वजन धरणारे वाण निघाले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या पुण्याच्या समूहामार्फत तेच कॉबचं रक्त आपल्याकडं आलं. बारामती-फलटणकडं शेडवाला शेतकरी ‘व्हेनकॉबची पिल्लं आलीत’ असं म्हणतो, ती हीच. पाच-सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो. गाडी येते, क्रेट भरले जातात, शेड धुऊन घेतात, नवी पिल्लं येतात. माझ्या माहेरच्या शिवारात अशी शेडं कितीतरी आहेत आणि त्यांच्यावर घरं उभी राहिली आहेत. मुलींची लग्नं झाली आहेत. हे मला ठाऊक आहे आणि त्या लोकांबद्दल माझ्या मनात अढी नाही.

पण शेडात शिरून मी कधी दोन वर्षांची व्हेनकॉब पाहिली नव्हती. ती इथं पाहिली. ती चालत होती, पण चार पावलं टाकली की बसत होती. छातीचं मांस इतकं, की तोल पुढं जातो. या कोंबड्यांना खाणं मोजून द्यावं लागतं. पोटभर दिलं तर त्या खातच राहतात, कारण त्यांची भूक तशीच घडवलेली आहे, आणि मग पाय किंवा हृदय साथ सोडतं. म्हणजे सुरीपासून सुटका झाली तरी शरीरापासून सुटका होत नाही. सांभाळणाऱ्यांचं रोजचं निम्मं काम त्या शरीराशी झुंजण्याचंच आहे: वजन घ्या, तळपाय तपासा, मऊ पेंढा घाला, दाणे विखरून टाका म्हणजे चार पावलं तरी चालतील.

पलीकडच्या कप्प्यात अंड्यांवरच्या कोंबड्या होत्या, तांबड्या, सडपातळ, चपळ. त्यांचं दुखणं वेगळं. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा. आपल्या देशातल्या जंगलांतही तो आहे. रानातली मादी वर्षाला जेमतेम डझन-दीड डझन अंडी घालते. पिंजऱ्यातली तीनशेच्या आसपास घालते. प्रत्येक कवचाला लागणारा चुना तिच्या हाडांतून जातो, आणि दोन-तीन वर्षांत गर्भाशयाचे विकार सुरू होतात. अशा आश्रयस्थानांत त्यांना अंडी थांबवणारं औषध कातडीखाली बसवतात, तेवढीच त्यांच्या अंगाला विश्रांती. आणि त्यांचे भाऊ? अंड्यांच्या वाणातल्या नर पिल्लाला ना अंडी घालता येतात, ना त्याच्या अंगावर मांस चढतं. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी ती वेगळी काढून मारली जातात. इथं ही जगात बहुतेक ठिकाणी चालणारी रीत चुकवून वाचलेला एक कोंबडा होता. तुरा तिरका पडलेला, ऐटीत कुंपणावर चढून आरवत होता. मी त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. माझा पाय तिथून निघेना.

टर्की पक्ष्यांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंग सणाला अमेरिकेत घरोघर टर्की शिजते. या संस्थेत त्या सुमाराला उलटा सोहळा असतो: टर्कींपुढं भोपळ्याचे पदार्थ मांडतात, आधी पक्षी जेवतात, मग माणसं. मांसाच्या वाणाचे टर्की इतके छातीकडं जड झालेले आहेत, की त्यांना आपापलं जुगताही येत नाही. पिल्लं हवी तर कृत्रिम रेतनच करावं लागतं. हे ऐकून मला धक्का बसला नाही. आमच्या गावात रेतनाची कांडी घेऊन मोटरसायकलवर फिरणारे डॉक्टर मी लहानपणापासून पाहत आले आहे.

आणि मग आम्ही गायरानाच्या कुंपणाशी पोचलो. तिथं काळे-पांढरे, डोंगराएवढे बैल उभे होते. एचएफ. आमच्याकडं होल्स्टीन फ्रीजियन असं लांबलचक कुणी म्हणत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या गोठ्यात याच रंगाच्या गायी आहेत. पण या रंगाचा, खांद्याला माझ्या डोक्याहून उंच असलेला, वयानं भरलेला बैल मी आयुष्यात पाहिला नव्हता. कारण आमच्याकडं तो होऊच देत नाहीत.

मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था काढली आणि पुढच्या काही दशकांत संकरित गायीनं आमचा सगळा दुष्काळी पट्टा सावरला. दूध डेअरीचा दहा दिवसांचा पगार नसता तर माझं कॉलेज झालं नसतं. ही गाय मला परकी नाही. पण तिला कालवड झाली तर दादा फोन करून सांगतो. गोऱ्हा झाला तर ते कधीतरी बोलता बोलता कळतं. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराला बैल लागत नाही, आणि लागला तरी वशिंड नसलेला, उन्हात धापा टाकणारा संकरित बैल कुणी जुंपत नाही. मग त्याचं दूध तोडलं जातं. पहिले काही दिवस कासेला लावायचं ते पान्हा सुटण्यापुरतं. काही पंधरवड्यात मरतात. काहींना रात्री गाडीत घालून लांबच्या रस्त्याला सोडून येतात. रेडकाचं तर विचारायलाच नको. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

२०१५ साली महाराष्ट्रानं गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू केली. कत्तल कायद्यानं थांबली, पण गोऱ्ह्याच्या पुढ्यात वैरण कुणी टाकायची हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारातच राहिला. २०२४ साली सरकारनं देशी गायीला राज्यमाता-गोमाता म्हटलं आणि गोशाळांना दर दिवशी प्रत्येक देशी गायीमागं पन्नास रुपये अनुदान जाहीर केलं. चांगलं झालं. पण ज्या गायीच्या दुधावर आमचे दूध संघ चालतात तिच्या गोऱ्ह्याचं नाव त्यात नाही. त्याच्या आईचं दूध आपण सगळे पितो. त्याचा वाटा आपण सगळ्यांनी मिळून उचलायला हवा, असं मला मनापासून वाटतं. लिटरमागं काही पैसे बाजूला काढून तालुक्याला एक जागा दूध संघ करू शकतात. ते कोट्यवधींची उलाढाल करतात; त्यांना हे जड नाही.

ओपी नावाच्या एका वासराची गोष्ट या टेकडीवर अजून सांगतात. १९९० साली, जन्मलं त्याच दिवशी जनावरांच्या बाजारात थंडीनं गारठून मरणाला टेकलेलं ते वासरू जीन बाऊर यांनी घरात नेऊन जगवलं. जवळजवळ अठरा वर्षं ते जगलं आणि सगळ्या कळपाचा म्होरक्या झालं. नवीन भेदरलेलं जनावर आलं की ओपी त्याला चाटायला जायचा, असं सांगतात. आजारी जनावरांना इथून कॉर्नेलच्या पशुरुग्णालयात नेतात. तिथल्या विद्यार्थ्यांना म्हाताऱ्या डुकराचे सांधे आणि म्हाताऱ्या बैलाचं हृदय तपासायला मिळतं ते यांच्यामुळं. भाची म्हणाली, की पुस्तकांत या प्राण्यांच्या म्हातारपणाबद्दल फार थोडं लिहिलेलं आहे.

हिशेब मांडणारा माणूस इथं येऊन म्हणेल, की अमेरिकेत वर्षाला नऊशे कोटींहून जास्त कोंबड्या कापल्या जातात आणि तुम्ही सांभाळता काही शे जनावरं. खरं आहे. पण संस्थेनं फक्त जनावरं सांभाळली असंही नाही. गाभण डुकरिणीला सगळा गर्भारकाळ, म्हणजे एकशेचौदा दिवस, वळताही येणार नाही अशा दोन फूट रुंदीच्या लोखंडी चौकटीत ठेवायची पद्धत होती आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. फ्लोरिडात २००२ साली लोकांनी मतदान करून ती बंद पाडली. कॅलिफोर्नियात २००८ आणि २०१८ साली आणखी कडक कायदे मतदानानं झाले, आणि २०२३ साली त्यातला दुसरा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही टिकला. या मोहिमांत ही मंडळी होती. मला वाटतं, त्या मतदारांतल्या काहींनी तरी आधी एखाद्या डुकरिणीच्या पोटावरून हात फिरवला असेल. हात फिरवल्यावर माणूस वेगळं मत देतो, यावर माझा विश्वास आहे.

बैलांजवळून मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे अकरा, तिकडं गावाला रात्रीचे साडेआठ. धारा काढून तो नुकताच जेवायला बसत होता. मी फोन बैलाकडं फिरवला.

‘अगं, हा एचएफचाच का?’

‘एचएफचाच. अकरा वर्षांचा आहे म्हणतात.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पाय दाखव जरा. खाली, खुरं.’

मी कुंपणातून फोन खाली धरला. बैल वाकून फोन हुंगायला लागला, त्याचा ओला श्वास काचेवर बसला. भाची हसून म्हणाली, ‘आप्पा, तुम्हाला ओळखलं त्यानं.’

‘खातो किती रोजचं?’

मी सांभाळणाऱ्या मुलीला विचारून सांगितलं: चरून येतो, वर वाळलेलं गवत. हिवाळ्यात सगळंच गव्हाणीत द्यावं लागतं.

‘आणि पैसं कोण देतंय?’

‘लोक. महिन्याला थोडे थोडे पाठवतात. एकेक जनावर वाटून घेतात.’

‘अमेरिका आहे ती,’ दादा म्हणाला. ‘हितं मार्चपासनं कडबा मिळंना. मी हा एक ठेवला तर दोन गायींची वैरण जाती. तूच सांग, ठेवू का?’

या प्रश्नाला मी फोनवर उत्तर दिलं नाही, कारण त्याचं एकट्याच्या दावणीपुरतं उत्तर नाही. ते दादालाही माहीत आहे. तालुक्याला जागा, संघाचे पैसे, पावसाळ्यात घालून ठेवलेला मुरघास, हे सगळं लागेल. पुढच्या आठवड्यात मी संघाच्या संचालकांना पत्र लिहिणार आहे, एवढं मात्र त्याला सांगितलं. तो ‘हूं’ म्हणाला. त्याच्या पुढ्यातली भाकरी गार होत होती, तरी फोन ठेवायला तयार नव्हता.

‘त्या पोरीला विचार,’ तो म्हणाला, ‘एवढ्या वजनाच्या जनावराची खुरं कितीदा कापत्यात? आडवं पाडून का उभं धरून? आणि खुरकूज झाली तर मोरचूदच वापरत्यात का दुसरं काय?’

मी तिला हाक मारली. ती आली, फोनपुढं वाकली, आणि भाची मध्ये उभी राहून एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत सांगू लागली.